ईमेलचं हेडर कोणाचं? वाटेतल्या सर्व्हरने काय बदलावं आणि काय नाही

मागच्या वर्षीची गोष्ट. एका परिषदेला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवायचा होता आणि मुदत होती रात्री बारापर्यंत. नेहमीप्रमाणे शेवटच्या क्षणापर्यंत आकृत्याच दुरुस्त करत बसले आणि ११ वाजून ५२ मिनिटांनी मेल पाठवला. दोन दिवसांनी आयोजकांचं उत्तर आलं: तुमचा मेल १२ वाजून २१ मिनिटांनी मिळाला, मुदत संपली होती, क्षमस्व.

माझ्याकडे 'सेंट' फोल्डरमधली प्रत होती. तिच्यावर ११:५२ ही वेळ होती, पण ती वेळ माझ्याच लॅपटॉपने घातलेली. माझं घड्याळ मी हवं तसं मागे करू शकते, त्यामुळे आयोजकांनी ती का मानावी? सुदैवाने मी स्वतःच्या दुसऱ्या खात्यावर सीसी केला होता. तो मेल उघडून पूर्ण हेडर काढलं. वरून दुसरी ओळ आमच्याच कॅम्पसच्या सर्व्हरची होती. त्याने मेल रात्री ११:५३ ला स्वीकारला आणि रांगेत ठेवला होता. त्याच्या वरच्या ओळीत वेळ होती १८:५१ यूटीसी. भारतीय वेळ काढायला साडेपाच तास मिळवा: रात्री १२:२१. म्हणजे २८ मिनिटं मेल आमच्याच कॅम्पसवर पडून होता.

हे सगळं लॅबमध्ये दाखवत होते, तेव्हा एका ज्युनिअरने विचारलं, "पण ताई, हे हेडर वाटेत कोणी बदललं नसेल कशावरून?"

प्रश्न बरोबर होता आणि मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. नंतर जुनी कागदपत्रं वाचायला घेतली, तर लक्षात आलं की या एका प्रश्नावर इंटरनेट बांधणारी माणसं पन्नास वर्षं भांडत आली आहेत. त्या भांडणाचा इतिहास इथे मांडते. तुम्ही रिसर्चला येणार असाल तर मेल, लॉग, डेटा फाइल यांच्यापैकी काही ना काही पुरावा म्हणून वाचावं लागेलच. तेव्हा कामी येईल.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

पोस्टाचं पाकीट डोळ्यासमोर आणा. पाकिटावर पत्ता असतो, तो पोस्टासाठी. आत पत्राच्या माथ्यावर दिनांक, 'प्रति', 'विषय' आणि कोणाकडून ते असतं, हे वाचणाऱ्यासाठी. आणि वाटेतली पोस्ट ऑफिसं आपापला तारखेचा शिक्का मारतात.

ईमेलमध्येही हे तिन्ही आहेत. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलताना 'कोणाकडून, कोणाकडे' हे सांगतात, ते पाकीट. आपल्याला ते दिसत नाही. 'फ्रॉम', 'टू', 'डेट', 'सब्जेक्ट' या हेडरच्या ओळी म्हणजे पत्राचा माथा. त्या पाठवणाऱ्याच्या. आणि 'रिसीव्हड' नावाच्या ओळी म्हणजे वाटेतल्या सर्व्हरांचे शिक्के. गोंधळ होतो तो एका कारणाने: ईमेलमध्ये शिक्के पाकिटावर न बसता पत्राच्या माथ्याच्याच वर, त्याच कागदावर बसतात. पाठवणाऱ्याच्या ओळी आणि हमालांच्या ओळी एकाच यादीत. मग ही यादी नक्की कोणाची?

१९७३ ते १९८२: नियम बनतो

हेडर कसं असावं यावरचा पहिला महत्त्वाचा कागद म्हणजे सप्टेंबर १९७३ चा आरएफसी ५६१. (इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित टिपणांत लिहिले जातात, त्यांना आरएफसी म्हणतात. सगळी टिपणं फुकट वाचायला मिळतात.) त्याच्या चार लेखकांत पहिलं नाव आहे अभय भूषण यांचं. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे विद्यार्थी, पुढे एमआयटीत. या टिपणाने सुचवलं की मेलच्या माथ्यावर कोणाकडून, कधी आणि कशाबद्दल हे ठरावीक रीतीने लिहा. त्याआधी ज्याला जसं सुचेल तसं लिहिलं जात होतं.

१९७७ मध्ये आरएफसी ७३३ आला आणि ऑगस्ट १९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांचा आरएफसी ८२२. त्याच महिन्यात जॉन पोस्टेल यांचा आरएफसी ८२१ आला, म्हणजे एसएमटीपी. पोस्टेल यांनी सर्व्हरला हेडरमध्ये एक काम नेमून दिलं: मेल स्वीकारलास की सगळ्यात वर एक ओळ लिही, कोणाकडून आला, कोणी घेतला, किती वाजता. म्हणून 'रिसीव्हड' ओळी खालून वर वाचायच्या असतात. सगळ्यात खालची ओळ पहिल्या सर्व्हरची, सगळ्यात वरची शेवटच्या.

म्हणजे तत्त्व सुरुवातीलाच होतं: वर जोडा, खालचं राहू द्या. मग भांडण कशावर झालं?

जगात एकच नेटवर्क नव्हतं

आज आपण 'इंटरनेट' एकवचनात म्हणतो. १९८० च्या दशकात आर्पानेट होतं, विद्यापीठांचं बिटनेट होतं, युनिक्स यंत्रांचं यूयूसीपी होतं, आणि ब्रिटनचं जॅनेट तर पत्ता उलट्या क्रमाने लिहायचं, देश आधी आणि यंत्र शेवटी. प्रत्येकाची पत्ता लिहायची रीत वेगळी.

यूयूसीपीमध्ये तर पत्ता म्हणजेच रस्ता. उद्गारचिन्हं टाकून वाटेतल्या यंत्रांची नावं क्रमाने लिहायची: आधी या यंत्राकडे, मग त्या, मग अमुक व्यक्ती. उत्तर परत यायचं तर उलटा रस्ता माहीत हवा, म्हणून वाटेतलं प्रत्येक यंत्र परतीच्या पत्त्यात एकेक नाव जोडत जायचं. इथे हेडर न बदलणं हीच चूक ठरली असती. न बदललेल्या पत्त्यावर उत्तर पोचलंच नसतं.

बर्कलीत एरिक ऑलमन यांनी १९८३ च्या सुमारास सेंडमेल आणलं ते याच गरजेतून. एका नेटवर्कचा पत्ता दुसऱ्याच्या रीतीत बदलून लिहायचा, आणि त्यासाठीचे नियम प्रशासकाने स्वतः लिहायचे. सेंडमेलची सेटिंग फाइल किती अवघड, यावर त्या पिढीत भरपूर विनोद झाले. डिसेंबर १९८३ मध्ये मार्शल रोझ यांनी आरएफसी ८८६ लिहिला. त्याचा विषयच होता हेडरमध्ये फेरफार करण्याची प्रमाण पद्धत. म्हणजे 'बदलावं का' हा प्रश्न मागे पडून 'बदलणार तर आहातच, निदान एका रीतीने बदला' इथवर गोष्ट आली होती.

जुहूचं प्रवेशद्वार

भारतातला ईमेल याच गोंधळाच्या मधोमध सुरू झाला. १९८६ मध्ये भारत सरकार आणि यूएनडीपीच्या मदतीने एर्नेट प्रकल्प उभा राहिला. सुरुवातीला आठ संस्था: पाच आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी, दिल्लीतला इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी. (नागपूर त्या यादीत नव्हतं.) एनसीएसटीचे प्रमुख होते एस. रमणी, ज्यांना पुढे २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात डायल-अपवरून यूयूसीपी मेल सुरू झाला. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या यूयूनेटपर्यंत ९.६ केबीपीएसची लीझ लाइन आली. वेग किती? आज फोनवरचा एक साधा फोटो दोन एमबीचा धरला, तर तो त्या लाइनवरून जायला जवळपास अर्धा तास लागला असता. आणि ही लाइन सगळ्यांच्यात मिळून एक.

एनसीएसटीच्या यंत्रांची नावं 'शक्ती', 'संगम' अशी होती. परदेशातल्या माणसाला इथल्या प्राध्यापकाला लिहायचं, तर पत्ता बहुतेक वेळा 'अमुक%आयआयटीबी.एर्नेट.इन@यूयूनेट' अशा थाटाचा असायचा. वाचायचा उजवीकडून. मेल आधी यूयूनेटकडे जाई. तिथलं यंत्र '@' नंतरचा स्वतःचा भाग काढून टाकी, टक्क्याच्या चिन्हाचं '@' करी आणि पुढे पाठवी. म्हणजे वाटेत पत्ता बदलणार, हे त्या पत्त्यातच गृहीत होतं. आपल्याकडच्या आधीच्या पिढीच्या संशोधकांनी परदेशी पेपरांवर मागवलेल्या प्रती, पोस्टडॉकची पत्रं, हे सगळं अशा बदलत जाणाऱ्या पत्त्यांवरून आलं गेलं.

म्हणून 'सर्व्हरने हेडरला हात लावूच नये' असं मी सरसकट म्हणणार नाही. दोन वेगळ्या व्यवस्थांच्या वेशीवर भाषांतर लागतंच. एर्नेटने हात लावला नसता, तर मेल पोचला नसता.

पण काही जण फारच हुशार झाले

त्रास झाला तो वेशीवरच्या भाषांतराचा नाही, वाटेतल्या उपद्व्यापाचा. यूयूसीपीच्या जगाचे नकाशे मिळू लागले आणि 'पाथअलायस' नावाचा प्रोग्राम त्यावरून जवळचा रस्ता काढून देऊ लागला. मग काही मोठ्या यंत्रांच्या प्रशासकांनी ठरवलं की पाठवणाऱ्याने लिहिलेला रस्ता पाहायचाच नाही, आपल्याला चांगला वाटेल तो लिहायचा.

हेतू चांगला होता. अडचण अशी की यूयूसीपीत यंत्रांची नावं जगभरात एकमेव असण्याची खात्री नव्हती. एकाच नावाची दोन यंत्रं असली, तर 'सुधारलेला' मेल भलत्याच गावाला जायचा. कधी पाठवणाऱ्याने मुद्दामच लांबचा रस्ता निवडलेला असायचा, कारण जवळचा दुवा बंद पडला आहे हे त्याला माहीत होतं. आणि मेल हरवला की तो कोणी वळवला हेच कळायचं नाही.

यावर तोडगा निघाला तो वाटेतल्या यंत्रांना अधिक हुशार करून नाही, तर पत्ताच निःसंदिग्ध करून. डीएनएस आलं. जानेवारी १९८६ च्या आरएफसी ९७४ ने एमएक्स नोंदी कशा वापरायच्या ते सांगितलं: अमुक नावाचा मेल कोणत्या सर्व्हरला द्यायचा हे त्या नावाच्या मालकानेच जाहीर करायचं. भारताचं '.इन' ८ मे १९८९ ला नोंदलं गेलं. मला इथे पिन कोड आठवतो. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिपींतले पत्ते, यावर श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ४४०००१ लिहिलं की नागपूर. सॉर्टिंगला बसलेल्या माणसाला अंदाज करावा लागत नाही आणि पाठवणाऱ्याचं लिहिलेलं खोडावं लागत नाही.

दार आणि रस्ता वेगळे

डिसेंबर १९९८ चा आरएफसी २४७६ माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात शहाणा कागद आहे, आणि फारसा कोणी वाचत नाही. गेलन्स आणि क्लेन्सिन यांनी एवढंच केलं की दोन कामं वेगळी केली. एक: वापरकर्त्याकडून मेल पहिल्यांदा घेणं. दोन: तो पुढे पोचवणं. पहिल्या कामासाठी वेगळं दार ठेवलं, पोर्ट ५८७. या दारावरचा सर्व्हर पाठवणाऱ्याला ओळखतो. तारीख राहिली असेल, पत्ता अर्धवट असेल, तर तो दुरुस्त करू शकतो. एकदा मेल रस्त्याला लागला की पुढच्या सर्व्हरांनी त्याला सुधारत बसू नये.

एप्रिल २००१ च्या आरएफसी २८२१ ने शिक्क्यांबद्दल स्पष्ट शब्दांत बंदी घातली: आधीच्या सर्व्हरने लिहिलेली 'रिसीव्हड' ओळ बदलूच नये. वेशीवरच्या गेटवेला गरजेपुरती हेडर बदलायची मुभा ठेवली. म्हणजे प्रश्न 'बदल हो की नाही' असा उरला नाही. कोणी, कुठे, कोणाच्या ओळीत बदल केला, हे महत्त्वाचं ठरलं.

देवनागरीचा धडा

हाच वाद आपल्या लिपीवरूनही झाला. विषयाच्या ओळीत मराठी लिहिणं फार पूर्वी सुटलं: 'नागपूर' ही सहा चिन्हं यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट होतात आणि बेस६४ मध्ये २४ इंग्रजी अक्षरं. हे रूपांतर पाठवणाऱ्याचा प्रोग्राम करतो, वाटेतल्या सर्व्हरला पत्ताही लागत नाही.

पण ईमेल पत्ताच देवनागरीत असेल तर? वाटेतला जुना सर्व्हर तो घेऊ शकत नाही. मार्च २००९ च्या आरएफसी ५५०४ ने प्रयोग म्हणून सुचवलं की अशा वेळी सर्व्हरने वाटेतच हेडर उतरवून साध्या अक्षरांत आणावं आणि मूळ ओळी वेगळ्या नावाने जपून ठेवाव्यात. ऐकायला किती सोयीचं! पण त्यात पाठवणाऱ्याने दुसरा इंग्रजी पत्ताही द्यावा लागे, हेडरची गुंतागुंत वाढे, सही केलेला मेल असेल तर सही तुटे. फेब्रुवारी २०१२ मध्ये आरएफसी ६५३० सह नवं प्रमाण आलं, तेव्हा ही वाटेतली उतरण काढून टाकली होती. नवा नियम सरळ आहे: पुढच्या सर्व्हरला जमत नसेल तर मेल परत पाठवा, पाठवणाऱ्याला सांगा. मोडतोड करून पोचवण्यापेक्षा स्पष्ट नकार बरा.

२७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरीतलं '.भारत' सुरू झालं, मराठीसह आठ भाषांसाठी. देवनागरी पत्ता आज चालतो तो वाटेत कोणी भाषांतर करतं म्हणून नाही, तर दोन्ही टोकं आणि मधले सर्व्हर तो जसाच्या तसा नेतात म्हणून. एक जण अडला की मेल परत येतो. चिडचिड होते, पण का आला ते कळतं.

सही आली, आणि उलटंच झालं

मे २००७ मध्ये डीकेआयएमचा आरएफसी ४८७१ आला. पाठवणारी संस्था हेडरच्या निवडक ओळींवर आणि मजकुरावर डिजिटल सही करते. वाटेत त्या ओळींत बदल झाला की सही जुळत नाही. आता फेरफार लपत नव्हता.

मग एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्कची कडक सेटिंग लावली: आमच्या नावाने आलेला मेल तपासणीत बसला नाही तर नाकारा. गटमेल चालवणारे सर्व्हर विषयाआधी गटाचं नाव आणि खाली तळटीप जोडत असत. सही तुटली, मेल नाकारले जाऊ लागले. गटांनी पळवाट काढली ती अशी: 'फ्रॉम'मध्ये मूळ लेखकाऐवजी गटाचाच पत्ता लिहायचा. फेरफार उघडा पाडायला आणलेल्या सहीने हेडरमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ बदलायला लावली! जुलै २०१९ चा आरएफसी ८६१७, म्हणजे एआरसी, यावर प्रयोग म्हणून आला. प्रत्येक मधल्या सर्व्हरने 'माझ्याकडे आला तेव्हा तपासणी अशी होती' असं लिहून खाली स्वतःची सही करायची. पोस्टेल यांचा शिक्काच, फक्त आता खोटा मारता येऊ नये असा.

आणि कायदा?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने पुरावा कायद्यात ८८अ हे कलम घातलं (आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ९०). त्याचा आशय असा: मेल सर्व्हरमार्फत पोचलेला संदेश हा पाठवणाऱ्याच्या संगणकात भरलेल्या संदेशाशी जुळतो असं न्यायालय गृहीत धरू शकेल, पण तो कोणी पाठवला याबद्दल काहीही गृहीत धरणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्येही, केवळ वाहून नेणाऱ्या मध्यस्थाला मिळणाऱ्या संरक्षणाच्या अटींत, त्याने माहितीत बदल केलेला नसावा ही एक अट आहे. सर्व्हर वाटेत काही बदलत नाही, या भरवशावर कायदाही उभा आहे.

ज्युनिअरला दिलेलं उत्तर

आता तिच्या प्रश्नाकडे येते. हेडर कोणी बदललं नसेल कशावरून? पूर्ण खात्री नाही. पण प्रत्येक ओळ सारखी संशयास्पदही नाही. सगळ्यात वरची ओळ ज्याला मेल मिळाला त्याच्या स्वतःच्या सर्व्हरची, म्हणून त्याच्यासाठी सगळ्यात भरवशाची. तिथून एकेक पायरी खाली उतरायचं. ही ओळ म्हणते 'अमक्याकडून घेतला', तर खालची त्याच अमक्याने लिहिलेली आहे का? वेळा क्रमाने आहेत का? जिथे साखळी तुटते, तिथून खालचं काहीही खोटं असू शकतं, कारण पाठवणारा स्वतःच बनावट 'रिसीव्हड' ओळी आधीपासून घालून ठेवू शकतो. 'डेट' ही तर सर्वस्वी पाठवणाऱ्याची.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काही सेवा पाठवणाऱ्याचा घरचा आयपी पत्ता हेडरमध्ये येऊ देत नाहीत. तेही एका अर्थी लपवणंच, पण ते पहिल्या दारावर, पाठवणाऱ्याच्या हितासाठी होतं. मला ते योग्य वाटतं.

माझ्या बाबतीत आयोजकांना मी फक्त एवढंच लिहिलं: कृपया तुमच्याकडे आलेल्या प्रतीचं पूर्ण हेडर उघडा आणि वरून दुसरी ओळ पाहा. माझी प्रत माना असं म्हटलं नाही, त्यांचीच वाचा म्हटलं. तीन दिवसांनी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं कळलं. आमच्या कॅम्पसच्या त्या सर्व्हरने मेल अडवून ठेवला हे खरं, पण ११:५३ ला घेतला हे त्याने प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं होतं.

आज रात्री एक काम करा. इनबॉक्समधला कुठलाही एक मेल घ्या, 'मूळ संदेश दाखवा' दाबा आणि प्रत्येक ओळीपुढे वहीत लिहा: ही कोणी लिहिली, आणि त्याला ती बदलता आली असती का? पुढे तुमच्या हातात उपकरणाची लॉग फाइल येईल, कोणीतरी 'साफ करून' दिलेला डेटासेट येईल, तेव्हाही याच दोन प्रश्नांनी सुरुवात करा. आणि मुदत असेल तर २८ मिनिटं हाताशी ठेवून पाठवा.